पावणेआठ आणि एंटू मुक्काल

मार्चचा दुसरा आठवडा लागला की मला धास्ती वाटायला लागते. परीक्षेची धास्ती भालकीत त्या दिवसांत घरोघरी असते, माझी वेगळी आहे. मला वाटतं, कुठंतरी कुणाचं तरी घड्याळ आपल्याला न सांगता तासभर पुढं सरकलंय आणि आपण इकडं निवांत बसलोय. मी बसल्या जागी भिंतीवरच्या घड्याळाकडं बघते, मग मनगटावरच्या, मग फोनमधल्या. तिन्हीत दोन-दोन मिनिटांचा फरक असतो, तो पाहून उलट बरं वाटतं. एवढा तेवढा फरक माणसांच्या घरात असायचाच.

बाहेर ऊन चढलेलं असतं. कडुलिंबाचा मोहोर रस्त्यावर सांडलेला असतो, त्याचा कडसर गोड वास दुपारी खिडकीतून आत येतो. उदगीरच्या गाडीला शाळकरी पोरांची गर्दी, प्रत्येकाच्या हातात पुठ्ठा आणि पारदर्शक पिशवीत दोन पेनं. गल्लीत चिंच फोडायला बसलेल्या बायका, त्यांची ठकठक, आणि फोडता फोडता चाललेल्या गप्पा. भालकी कर्नाटकात, उदगीर महाराष्ट्रात; सीमेच्या अलीकडं-पलीकडं सगळंच वेगळं आमचं. परीक्षा मंडळ वेगळं, पुस्तकं वेगळी, सुट्ट्या वेगळ्या, बसचे रंग वेगळे. घड्याळ तेवढं एक. भालकीत दहा वाजले की उदगीरलाही दहाच वाजतात, याचं लहानपणी मला काही वाटायचं नाही. आता वाटतं. सगळ्या जगात हे इतकं सोपं नसतं, हे मला एका मार्चनं शिकवलं आणि शिकवताना जीव काढला.

तेव्हा मी इथल्या एका महाविद्यालयात संगणक शिकवत होते. आमच्या प्रयोगशाळेत चौदा संगणक होते आणि चौदाही कुणाकडून तरी वापरून झालेले. त्यांच्यावर जुन्या चादरींची खोळ शिवून घातलेली. खंडेनवमीला आम्ही त्यांना हळदकुंकू वाहायचो. एका खोक्यावरचं कुंकू वर्षभर निघालं नव्हतं आणि तोच संगणक सगळ्यांत कमी बिघडायचा, त्यामुळं कुणी ते पुसायलाही धजत नव्हतं. प्रयोगशाळेच्या दारात चपला काढायचा नियम होता. तो नियम प्राचार्यांचा नव्हता, शरणम्मांचा होता. शरणम्मा आमच्या शिपाईबाई, हुमनाबादकडच्या, कन्नड मातृभाषा, मराठी कामापुरती. चप्पल घालून आत आलेल्या प्राध्यापकांनाही त्या दारातच अडवायच्या.

या चौदा संगणकांचा एक आजार होता. आतली छोटी बॅटरी मेली होती. वीज गेली की त्यांना काळवेळाचं काही आठवायचं नाही. सकाळी सुरू केले की सगळे कुठल्यातरी जुन्या एक जानेवारीला जागे व्हायचे, मध्यरात्रीला. मग मी एकेकापुढं बसून तारीख सांगायची, वार सांगायचा, वेळ सांगायची. आजारातून उठलेल्या माणसाला सांगतो ना, आज बुधवार आहे बरं का, तसं. आणि देशही सांगायला लागायचा, कारण काही संगणक आपण अमेरिकेत आहोत असं समजून उठायचे. त्यासाठी एक लांबलचक यादी उघडायची, जगातल्या गावांची. त्यात खाली खाली जात ग्रीनविचच्या वेळेपुढचा आपला ‘साडेपाच’ शोधायचा. कलकत्ता, चेन्नई, मुंबई, नवी दिल्ली अशी चार मोठी नावं एका ओळीत. भालकी कुठून असणार त्यात! पण त्या ओळीवर बोट ठेवलं की मला घरी आल्यासारखं वाटायचं. बहुतेक देशांचा फरक पुरत्या तासांचा, आपला साडेपाच. आपल्या भाषेत अर्ध्यालाही स्वतःची नावं आहेत, दीड, अडीच, साडे; आपलं घड्याळ अर्ध्यावर थांबणारच, असं मी वर्गात सांगायचे आणि मुलं हसायची.

या विषयातलं सगळं मला येतं, असं मला वाटायचं. तिथंच तर घोळ झाला.

सुनंदा माझी विद्यार्थिनी नव्हे. औराद तालुक्यातल्या चिंताकीची, शेती विषयात एम.एस्सी. झालेली. तिच्या मामाचं घर आमच्या गल्लीत, त्या ओळखीनं ती इंटरनेट वापरायला प्रयोगशाळेत यायची. उंच, सावळी, कमी बोलणारी. तुरीला मर लागते, हिरवंगार झाड आठ दिवसांत उभ्या उभ्या वाळतं, त्यावर तिला पुढं शिकायचं होतं. तिच्या वडिलांचं, माणिकअप्पांचं, लागोपाठ दोन वर्षं सगळं रान असं वाळलं होतं. पुस्तकात वाचून निवडलेला विषय नव्हता तो. तिनं अमेरिकेतल्या एका विद्यापीठाला अर्ज केला, पहिल्या चाळणीतून पार पडली, आणि आता उरली होती एक मुलाखत. संगणकावरून, समोरासमोर बोलायची.

चिंताकीत तेव्हा फोनला धड रेंज नव्हती. म्हणून मुलाखत आमच्या प्रयोगशाळेतून द्यायची ठरली. आमचा एक नंबरचा संगणक, तोच तो कुंकवाचा, त्याला कॅमेरा लावला होता. ज्वारीची काढणी आली होती, घरात माणसं कमी, म्हणून सुनंदा गावाकडं गेली. जाताना तिनं मला तिच्या ई-मेलचा पासवर्ड कागदावर लिहून दिला.

“मॅडम, मेल आलं की तुमीच बघा. टाइम काय हाय तेवढं कळवा. मी बाकी सगळं करून येते.”

मेल आलं. मंगळवार, सकाळी सव्वादहा, अमेरिकेच्या पूर्वेकडची वेळ. खाली एक ओळ होती, ती मी दोनदा वाचली. ठरलेल्या वेळी आम्ही फोन लावू. दहा मिनिटांत उमेदवार भेटला नाही, तर ती पाळी पुढच्याला दिली जाईल आणि पुन्हा वेळ मिळणार नाही.

म्हणजे सगळं त्या एका वेळेवर होतं. आणि ती वेळ आपल्या घड्याळात किती, हे सांगायची जबाबदारी माझी होती.

मी एक नंबरच्या संगणकापुढं बसले. अंदाजानं आकडेमोड करणं मला कमीपणाचं वाटत होतं. यंत्र आहे कशाला? त्याला आधी अमेरिकेत नेलं. मुलाखतीची तारीख घातली, सव्वादहा वाजवले. खाली एक चौकोन होता: उन्हाळ्यासाठी घड्याळ आपोआप बदलायचं का? त्यात बरोबरची खूण होती. शाबास, म्हटलं. मग त्याला तिथून उचलून साडेपाचच्या ओळीवर आणून ठेवलं. घड्याळाचे काटे गरकन फिरले आणि थांबले. संध्याकाळचे पावणेनऊ.

शरणम्मा फरशी पुसत होत्या. त्यांनी विचारलं, ते उन्हाळ्याचं काय म्हणालात? मी त्यांना समजावलं की तिकडं उन्हाळ्याच्या तोंडाला सगळा देश घड्याळ एक तास पुढं करतो. संध्याकाळी उजेड जास्त मिळावा म्हणून.

“घड्याळ पुढं केलं तर सूर्य थांबतोय होय, मॅडम?”

“सूर्य नाही थांबत. माणसं लवकर उठतात.”

“मग लवकर उठा म्हनून सांगायचं की,” शरणम्मा म्हणाल्या. “घड्याळाला कामून खोटं बोलायला लावायलेत?”

मी हसले. आणि मोठ्या तोऱ्यात पुढं सांगितलं की ते एप्रिलच्या पहिल्या रविवारी होतं, आपली मुलाखत त्याच्या आधीच मार्चात आहे, त्यामुळं काळजी नाही.

हे मी वर्गातही शिकवलं होतं. माझ्या वहीत तसंच लिहिलेलं होतं. फक्त मधल्या काळात त्या देशानं तो नियम बदलला होता. एप्रिलचा पहिला रविवार सोडून ते मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ पुढं करायला लागले होते. नव्या संगणकांना हे कळवलं गेलं होतं. आमच्याला कोण कळवणार? इंटरनेटवरून येणाऱ्या सुधारणा घेऊ द्यायला लागलो की तो दिवसभर घरघरत बसायचा, म्हणून मीच ते बंद करून ठेवलं होतं. माझी विद्या आणि त्या यंत्राची विद्या एकाच जुन्या सालातली. दोघांचं उत्तर जुळलं आणि मला वाटलं, ताळा बरोबर आला.

खरी वेळ पावणेआठ होती. मी एक तास उशिराची सांगणार होते.

त्या दिवशी मला पर्यवेक्षणाची पाळी होती, घंटा व्हायला पाच मिनिटं राहिली होती. चिंताकीला फोन लागेना. मी शरणम्मांच्या हातात नंबर दिला, म्हटलं, लागेपर्यंत लावत राहा, आणि सुनंदाला सांगा, मंगळवारी संध्याकाळी पावणेनऊ. त्या हो म्हणाल्या. तासाभरानं फोन लागला. पण सुनंदा रानात होती, फोन माणिकअप्पांनी घेतला. औरादकडचे लोक मराठी बोलतात, तेलुगू समजतात, कन्नड बाजारापुरतं जाणतात. अप्पांना वाटलं, बाई कन्नड आहेत, आपणही चार शब्द कन्नड बोलावेत. शरणम्मांना तेवढंच हवं होतं. त्यांनी आपल्या भाषेत वेळ सांगितली.

“मंगळवार संजे. एंटू मुक्काल.”

आता हे आमच्या भागाबाहेरच्या माणसाला सांगायला हवं. मराठीत पावणेनऊ म्हणतो तेव्हा आपण येणाऱ्या तासाकडं बघतो. नऊ वाजायला पाव कमी. कन्नड माणूस झालेल्या तासावर उभा राहतो. आठ वाजून गेले, वर पाऊण तास झाला, म्हणून एंटू मुक्काल. एंटू म्हणजे आठ, मुक्काल म्हणजे पाऊण. वेळ तीच, पण मराठीत नऊचं नाव घेतात आणि कन्नडमध्ये आठचं. दोन्ही भाषा पक्क्या येणारा चुकत नाही, एकच येणारा तर विचारूनच घेतो. दीड भाषा येणारा मात्र हमखास गडबडतो. अप्पांना मुक्काल म्हणजे पावणे एवढं ठाऊक होतं, एंटू म्हणजे आठ हेही ठाऊक होतं. त्यांनी दोन्ही जोडले आणि रानातून आलेल्या लेकीला निरोप दिला.

“पावनेआठला बोलिवलंय मॅडमनी. मंगळवारी, सांजच्याला.”

मंगळवारी सातच्या पुढं मी घरी भाकरीचं पीठ मळत होते. आठ वाजता निघायचं, सव्वाआठला संगणक सुरू करायचा, असा माझा बेत. तेवढ्यात शरणम्मांचा फोन.

“मॅडम, चिंताकीचे अप्पा आलेत. पोरगी पन आलीय. लई घाई करायलेत.”

मी हात तसेच धुतल्यासारखे करून पळाले. बघते तर प्रयोगशाळेच्या पायरीवर दोघं उभी. सुनंदानं पांढऱ्यावर निळी बारीक फुलं असलेली साडी नेसली होती. काखेत फायलीबरोबर धडपात गुंडाळलेलं काहीतरी लांबोडकं होतं. माणिकअप्पा धोतर-नेहरू शर्टात, चपला आधीच काढून हातात धरलेल्या.

“मॅडम, साडेसात हून गेले की!” अप्पा म्हणाले. “कुलूप कामून हाय अजून?”

“अहो अप्पा, पावणेनऊला आहे. पावणेआठ कुणी सांगितलं?”

“ह्या बाईनीच की. एंटू मुक्काल म्हनाल्या.”

“हां. एंटू मुक्काल,” शरणम्मा म्हणाल्या. “बरोबरच सांगितले मी.”

मग माझ्या लक्षात आलं आणि मला हसू आवरेना. मी तिथंच पायरीवर उभ्या उभ्या अप्पांना पावणे आणि मुक्कालचा फरक समजावला. हौसेनं समजावला. शिकवायची खोड, दुसरं काय. म्हटलं, अप्पा, बरं झालं उलटं नाही चुकलात. एक तास उशिरा आला असता तर लेकीची अमेरिका तुमच्या मुक्कालात गेली असती!

सुनंदा हसली नाही. अप्पांचा चेहरा एवढासा झाला. ते नुसतं म्हणाले, “चुकलंच माझं. माझ्या ध्यानात आलं न्हाई.”

“असू द्या. आलाच आहात तर यंत्र सुरू करून ठेवू. त्याला जागं व्हायला वेळ लागतो.”

कुलूप काढलं. खोळ काढली. संगणक नेहमीसारखा एक जानेवारीला जागा झाला, मी त्याला तारीख-वेळ सांगितली. सुनंदाला खुर्चीत बसवलं, कॅमेरा तिच्या डोळ्यांसमोर आला की नाही ते बघत होते. म्हटलं, अजून तासभर आहे, शांत बस, पाणी पी.

आणि फोन वाजला.

ते संगणकातून येणारं वाजणं मला अजून ऐकू येतं, पाण्यात बुडबुडे फुटल्यासारखं. पडद्याच्या कोपऱ्यात सात पंचेचाळीस. माझ्या मनात पहिला विचार काय यावा? तर, हे लोक चुकले! अमेरिकेतली माणसं तासभर आधीच फोन लावतायत. इतका माझा माझ्यावर विश्वास. दुसरा विचार करायला वेळच नव्हता. सुनंदानं माझ्याकडं बघितलं, मी मान हलवली, तिनं बटण दाबलं.

पडद्यावर तीन माणसं, मधे पिकल्या केसांची एक बाई. मी कॅमेऱ्यात दिसू नये म्हणून भिंतीला पाठ लावून उभी. अप्पा दाराबाहेर उंबऱ्याला टेकून. त्यांना एक शब्द कळत नव्हता. ते लेकीच्या पाठीकडं बघत होते. सुरुवातीला तिची वाक्यं अडत होती. मग मधल्या बाईंनी विचारलं, मर ओळखता कशी? सुनंदानं धडपं सोडलं. आत तुरीचं एक वाळकं खोड होतं, मधोमध चिरलेलं. तिनं ते कॅमेऱ्यापुढं धरलं, आतली तपकिरी काळपट रेघ बोटानं मुळापासून वर दाखवत नेली. बाहेरून झाड हिरवं दिसत असतं तेव्हाही आत ही रेघ चढत असते, आमच्या वडिलांनी, माणिकअप्पांनी, मला दहाव्या वर्षी दाखवली होती, ती म्हणाली. आणि मग ती थांबलीच नाही. दहा मिनिटं एकटी बोलत होती. पडद्यावरची तिघं पुढं सरकून बघत होती. ते खोड अप्पांनीच चिरलं होतं, घरून निघताना, कोयत्यानं. लेक त्यांचं नाव घेते आहे हे मात्र त्यांना कळलं. त्यांनी हातातल्या चपला खाली ठेवल्या.

शेवटी त्या बाई हसून म्हणाल्या, वेळेवर भेटलात, बरं वाटलं. परवाच्या रविवारी आमची घड्याळं पुढं झाली, त्यामुळं लांबच्या लोकांचा गोंधळ उडतो. एक चांगला उमेदवार कालच असा गमावला.

पडदा मावळला. सुनंदा वळून माझ्या गळ्यात पडली, शरणम्मा काहीतरी कन्नडमध्ये देवाला म्हणत होत्या, आणि मी मनात तारखा मोजत होते. परवाचा रविवार. मार्चमधला. माझी वही, माझा एप्रिल, माझी ती बरोबरची खूण. मी जवळचं स्टूल ओढून बसले. सगळं संपून गेल्यावर कळलेली भीती होती ती, बस आपल्याला घासून निघून गेल्यावर कळते तशी. मी एक तास उशिराचा निरोप दिला होता. अप्पांनी तो एक तास अलीकडं ओढला होता. दोन चुकांनी एकमेकींना खोडलं आणि एका मुलीला तिचं हवं ते मिळालं. इतकं सुटल्यासारखं मला आयुष्यात फार थोड्या वेळा वाटलंय. मी रडले. सगळ्यांना वाटलं, मॅडमना आनंद झालाय. तो होताच.

पण मी बोलले नाही.

त्या संध्याकाळी बोलायला जमलं नाही, हे खरं. नंतर निवड झाल्याचं पत्र आलं, पेढे आले, महाविद्यालयात सत्कार झाला. सुनंदाचा झाला, तसा माझाही झाला. मॅडमनी वेळ सांभाळली म्हणून, असं भाषणात कुणीतरी म्हणालं. मी शाल घेतली. अप्पांच्या मुक्कालाचा किस्सा मीच माइकवरून सांगितला आणि सगळं सभागृह हसलं. अप्पा पहिल्या रांगेत बसले होते, तेही हसले. सत्य सांगायचा एक क्षण असतो. तो गेला की मग दिवसेंदिवस ते जड होत जातं. मी स्वतःला समजावायचे, कुणाचं नुकसान झालं? पोरगी गेली, शिकली, परत आली. आता कलबुर्गीला तुरीवरच काम करते. तिची मुलगी शाळेत जाते. सगळं गोड झालं. मग दर मार्चला ही धास्ती कशाला?

या मार्चमध्ये सुनंदाचाच फोन आला. अप्पा चिंच घेऊन जा म्हणतायत, मॅडम, यंदा झाड लगडलंय. मी आता निवृत्त, वेळच वेळ. सकाळच्या गाडीनं चिंताकीला गेले.

अंगणात चिंचेचा ढीग, चिंचोक्यांचा वेगळा. माणिकअप्पा सत्तरीपलीकडं गेलेले, पण हात चालूच. जेवण झालं. बोलता बोलता त्यांच्या खिशातला फोन वाजला. त्यांनी तो काढला, नाव बघितलं, आणि न बोलता आत सुनेला नेऊन दिला. तिनं बोलून घेतलं आणि परत आणून दिला. थोड्या वेळानं पुन्हा वाजला, पुन्हा तसंच.

“अप्पा, ऐकायला कमी येतं का?” मी विचारलं.

सूनच हसत म्हणाली, “कान चांगले हायत की, मॅडम. मामांनी टायमाचा निरोप घ्यायचंच सोडलंय. गाडी कवा, दवाखाना कवा, काय बी असू द्या, मला नाहीतर ह्यांना द्यायलेत. तुमच्या कालिजात झालं तवापासून.”

“घोटाळा हुतोय माझ्याच्यानं,” अप्पा चिंचेकडं बघत म्हणाले. “त्या दिशी लेकीचं वाटोळंच करायलो होतो मी. द्येवानं राखलं.”

इतकी वर्षं. त्यांच्या मनात तो चुकलेला बाप तसाच बसून होता आणि त्याला तिथं बसवून मी माइकवरून हसले होते. मग मी एका दमात बोलले. अमेरिकेचा बदललेला रविवार, माझी जुनी वही, यंत्राचं जुनं उत्तर, सगळं. “अप्पा, मी पावणेनऊ सांगितलं ते चूक होतं. तुम्ही माझं ऐकलं असतं, तर पोरगी तासभर उशिरा बसली असती. तुम्ही पावणेआठ म्हणालात म्हणून मिळालं तिला. आणि मी हे तुम्हाला कधी सांगितलं नाही. चुकलं माझं.”

अप्पा चिंच फोडत राहिले. मला वाटलं, रागावले. रागवायला हवंच होतं. सून दारात उभी राहून दोघांकडं बघत होती.

“म्हंजे,” ते हळूच म्हणाले, “मी आनलं व्हय तिला बराबर येळेला?”

“तुम्हीच आणलं.”

“मीच?”

“तुम्हीच, अप्पा.”

त्यांनी डोक्यावरची टोपी काढली, गुडघ्यावर ठेवली, पुन्हा घातली. मग एकदम हसायला लागले. आवाज न करता, खांदे हलवत, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. “आन् तुमी शाल घेतली, मॅडम,” ते म्हणाले. मी पण हसले, आणि माझ्या छातीवरचं काहीतरी त्या हसण्यात निघून गेलं. शाल तुमच्याकडं पाठवते म्हटलं, तर म्हणाले, उन्हाळ्यात काय करू तिला.

पाच वाजता परतीची गाडी होती. मी चिंचेची पिशवी बांधत होते तेव्हा फोन पुन्हा वाजला. सवयीनं सुनेनं हात पुढं केला. अप्पांनी मान हलवली आणि स्वतःच फोन कानाला लावला. पलीकडून कुणीतरी कन्नडमध्ये भराभरा बोलत होतं. ते ऐकत राहिले, “हौदु, हौदु” असं हो-हो म्हणाले, एकदा मोठ्यानं पुन्हा विचारून घेतलं आणि फोन खिशात ठेवला.

“म्हशीला उद्या रानात सोडू नको,” त्यांनी सुनेला सांगितलं. “डॉक्टर सकाळी नऊला यायलाय.”